तेलातला पट्टा

पदकं मिळवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून धसका आहे. फोर्डचं 'इकोबूस्ट' घ्या. तीन सिलिंडर, सगळे मिळून एक लिटर, म्हणजे दुधाच्या दोन पिशव्या! ठोकळा कागदाच्या ए-फोर तावावर उभा राहतो, आणि टर्बोने फुंकर घातली की सव्वाशे घोडे उधळतात. २०१२, १३, १४ अशी तीन वर्षं ओळीने 'इंजिन ऑफ द इयर'. २०१३ साली इकोस्पोर्टमधून स्वारी आपल्याकडेही आली.

एवढ्या गुणी बाळाला खोड कसली? तर टायमिंगचा पट्टा चक्क तेलात. घर्षण कमी, आवाज कमी, कागदावर फर्मास! पण रबर ते रबरच. तेल बदलायला उशीर केला, किंवा भलतंच ओतलं, की पट्टा झडतो, कण पंपाच्या जाळीत बसतात आणि इंजिन तेलात बसून तहानेनं मरतं. २०२३ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या, त्या तेलपंपाच्या पट्ट्यापायी.

नव्या इंजिनाला पदक देणं म्हणजे बारशालाच जीवनगौरव! दहाव्या वर्षीचा परीक्षक एकच, गॅरेजवाला. तेव्हा जुनी गाडी घेताना पदकं विचारू नका. तेल बदलल्याच्या पावत्या मागा.