ढाक्यातलं सत्तांतर आणि लासलगावचा कांदा : कारण शोधताना होणारी एक चूक

‘ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचं सरकार गेलं, भारत-बांगलादेश संबंध बिघडले आणि नाशिकच्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक तुटलं.’ ही मांडणी तुम्ही बातम्यांत वाचली असेल. कदाचित स्वतःच्या शोधप्रस्तावातही लिहिणार असाल. त्याआधी तिची जरा उलटतपासणी करू.

तिच्यात तथ्य आहेच. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशाची आपल्या बंदरांतून माल पुढे पाठवण्याची सवलत काढली. त्याच महिन्यात बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं भारतीय सूत थांबवलं. मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना हेच नाके बंद केले. इथे राजकीय तणाव स्पष्ट दिसतो. पण कांद्याचं कॅलेंडर वेगळं आहे.

तारखा एका ओळीत मांडून बघा : २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२०, ८ डिसेंबर २०२३. तिन्ही वेळा भारताने कांदा निर्यातबंदी जाहीर केली. तिन्ही वेळा ढाक्यात हसीनाच होत्या आणि संबंध उत्तम असल्याचं दोन्ही सरकारं सांगत होती. पहिल्या बंदीनंतर दिल्लीत आलेल्या हसीना हसत हसत म्हणाल्या, मी आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय. निदान आधी कळवत जा. पुढच्या वर्षी पुन्हा न कळवताच बंदी आली, ट्रक सीमेवर अडकले आणि बांगलादेशाने लेखी नाराजी कळवली. कारण परिणामाच्या आधी यावं लागतं, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. इथे विश्वासाला तडा आधी गेला, सत्तांतर नंतर झालं.

हे घडतं कसं? आपला उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवावा लागतो. बांगलादेशाचं मुख्य पीकही साधारण तेव्हाच निघतं. म्हणजे दोघांचीही साठवण एकाच हंगामात संपत येते. त्यात पावसाने आपला खरिपाचा लाल कांदा खराब केला, की इथे भाव चढतो आणि दिल्ली दार लावते. नेमकी तेव्हाच ढाक्याला सर्वांत जास्त गरज असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला होता. मग त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून माल आणला आणि स्वतःचं उत्पादन वाढवायला घेतलं. बिगरहंगामी लागवडीसाठी त्यांनी वाटलेल्या बियाण्यात एन-५३ होतं. हे वाण मूळचं आपल्या नाशिकचं!

२०२५ मध्ये बांगलादेशाने आयात परवाने बराच काळ रोखले, ते स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. आपण ग्राहकासाठी निर्यात अडवतो, त्यांनी शेतकऱ्यासाठी आयात अडवली. मात्र ‘गिऱ्हाईक कायमचं गेलं’ हा निष्कर्षही घाईचा ठरेल. डिसेंबर २०२५ मध्ये तिथले भाव चढल्यावर त्यांनी पुन्हा परवाने दिले.

आता माझ्याही मांडणीवर संशय घ्या. तुलनेला विदर्भाची संत्री घ्या. भारताने संत्र्यांवर बंदी घातली नव्हती, तरी हसीनांच्याच काळात बांगलादेशाने त्यांच्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं. म्हणजे आपली बंदी हे एकमेव कारण नाही. त्यांची महसुलाची, परकीय चलनाची गणितंही तपासावी लागतील. शिवाय आपण चुकीचे कधी ठरू, हे आधीच लिहून ठेवा. परवाने रोखलेल्या महिन्यांत इतर देशांचा कांदा सर्रास आत आला आणि फक्त भारताचा अडला, असं आकडेवारीत दिसलं, तर राजकीय कारणाचं पारडं जड होईल.

एवढा कीस कशाला? कारण कुठे दाखवता, त्यावर उपाय कुणाकडे मागायचा हे ठरतं. दोष ढाक्यातल्या सत्तांतराचा असेल, तर निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याने नुसती वाट बघायची. दोष अचानक लागणाऱ्या बंदीचा असेल, तर मागणी दिल्लीकडे करता येते : पूर्वसूचना द्या, निदान भरून निघालेला ट्रक तरी सीमेवर अडवू नका.