पुनरुज्जीवित ‘हॅबिटॅट’चा संवाद-प्रोटोकॉल आणि त्यावरील पुरवण्या : एक चिकित्सा

प्रस्तावना :

ग्रंथ दुर्मिळ झाला तरी त्याची एखादी प्रत कोठेतरी सापडण्याची आशा राहते. ऑनलाइन खेळाच्या बाबतीत मात्र मध्यवर्ती सर्व्हर बंद होताच घरोघरच्या प्रती निरुपयोगी ठरतात. कारण अशा खेळाचा आशय तबकडीवर नसून खेळणाऱ्यांच्या परस्परसंवादात असतो. म्हणूनच चाहत्यांनी पुन्हा उभा केलेला ऑनलाइन खेळ हा संहिता-संपादनाइतकाच गंभीर अभ्यासविषय ठरतो. ‘हॅबिटॅट’ या खेळाचे पुनरुज्जीवन आणि त्याच्या संवाद-प्रोटोकॉलवर रचलेल्या ‘हॅबिबॉट’ या पुरवण्या यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पार्श्वभूमी :

‘हॅबिटॅट’ची निर्मिती लुकासफिल्म गेम्स या संस्थेने क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या सहकार्याने केली. चिप मॉर्निंगस्टार व रँडल फार्मर हे त्याचे प्रमुख रचनाकार होत. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर, ३०० बॉडच्या मोडेमद्वारे, १९८६ ते १९८८ या काळात त्याची चाचणी-आवृत्ती चालली. खेळाडूच्या पडद्यावरील प्रतिनिधीला येथे ‘अवतार’ म्हटले गेले. संस्कृतातून आलेला हा शब्द आज जगभर ज्या संगणकीय अर्थाने रूढ आहे, त्या अर्थाच्या प्रसारात या खेळाचा वाटा मोठा आहे. पुढे १९८८ मध्ये ‘क्लब कॅरिब’ व १९९० मध्ये जपानमध्ये फुजित्सूची आवृत्ती ही त्याची रूपांतरे आली. ऑकलंड येथील म्युझियम ऑफ आर्ट अँड डिजिटल एंटरटेनमेंटच्या पुढाकाराने २०१६ मध्ये त्याची मूळ आज्ञावली खुली करण्यात आली आणि ‘निओहॅबिटॅट’ या नावाने खेळ पुन्हा सुरू झाला. या कार्यात फार्मर यांनी स्वतः नेतृत्व केले.

संवाद-प्रोटोकॉलचे स्वरूप :

मूळ खेळात उच्चारलेले वाक्य पडद्याच्या वरच्या भागात फुग्याच्या आकारात उमटते. एकाच व्यक्तीस उद्देशून खासगी निरोप पाठविण्याची सोयही आहे; तिला खेळाच्या परिभाषेत ‘ईएसपी’, म्हणजे अतींद्रिय संवाद, असे म्हणतात. मोडेमची गती सेकंदाला सुमारे तीस अक्षरांची. त्यामुळे चित्रे तारेवरून न पाठविता ‘अमुक अवतार अमुक वाक्य बोलला’ एवढीच संक्षिप्त सूचना पाठवावयाची आणि दृश्य घरच्या संगणकाने रंगवावयाचे, अशी योजना करण्यात आली होती.

पुनरुज्जीवनकर्त्यांनी कमोडोरची जुनी आज्ञावली वापरात कायम ठेवली. सर्व्हरसाठी ‘एल्को’ ही प्रणाली घेतली आणि दोहोंमध्ये एक दुभाषी कार्यक्रम बसविला. जुन्या द्विमान संकेतांतील निरोप हा दुभाषी जेसॉन या मजकुरी स्वरूपात आणतो व उत्तर पुन्हा जुन्या संकेतांत फिरवितो. येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. कारण जेसॉन हे स्वरूप २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांनी ज्यांच्या सहकार्याने वापरात आणले ते सहकारी मॉर्निंगस्टारच होत.

पुरवण्यांची कार्यपद्धती :

हॅबिबॉट हा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला स्वयंचलित पात्रांचा संच आहे. हे पात्र कमोडोरच्या मार्गाने न येता थेट एल्कोशी जोडले जाते आणि जेसॉनमध्येच बोलते. कोणी प्रदेशात आले, कोणी बोलले, अशा घटनांची सूचना त्यास मिळते. त्यावर बोलणे, चालणे, हात हलविणे यांपैकी कोणता प्रतिसाद द्यावयाचा हे पुरवणीकार ठरवितो. नवागताचे स्वागत करणारे पात्र काही ओळींत तयार होऊ शकते. मूळ आज्ञावलीस धक्का न लावता नवी भर घालता येणे हे या रचनेचे यश निर्विवाद मानावे लागेल. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे तर येथे संहितेत प्रक्षेप झालेला नाही. संहिता वाचणाऱ्यांमध्ये एक नवा वाचक येऊन बसला आहे.

चिकित्सा :

परंतु प्रश्न नेमका येथेच उपस्थित होतो. मॉर्निंगस्टार व फार्मर यांनी १९९० मध्ये ऑस्टिन येथील परिषदेत मांडलेल्या निबंधाचे मध्यवर्ती प्रतिपादन असे की, आभासी जगाची ओळख तंत्रापेक्षा त्यातील माणसांच्या परस्परक्रियांवरून ठरते. त्यांनी दिलेले एक उदाहरण बोलके आहे. कित्येक आठवडे खपून उभारलेले, खेळाडूंना अनेक दिवस गुंतवून ठेवील असे वाटलेले एक साहस एका खेळाडूने सुमारे आठ तासांत उलगडले. माणूस योजनेबाहेर वागतो, हाच या जगाचा प्राण होता. हॅबिबॉट मात्र आखून दिलेल्या योजनेनुसारच वागतो. त्यामुळे ओस पडलेले गाव त्याच्या उपस्थितीने गजबजलेले दिसले तरी ते वसलेले आहे असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हॅबिटॅटमध्ये अवताराचा देह सोडून ‘भूत’ होण्याची मुभा आहे. भूत प्रदेशातील सर्व काही पाहू शकते, पण इतरांना पडद्यावर डोळ्याची खूण दिसते आणि कोणीतरी अदृश्यपणे उपस्थित आहे हे कळते. ऐकणाऱ्याची जाणीव बोलणाऱ्यास असली पाहिजे, हा संकेत १९८६ च्या तुटपुंज्या साधनांतही पाळला गेला. हॅबिबॉट बोलण्यापूर्वी भूतावस्था सोडून देह धारण करतो. त्याबरोबर डोळ्याची खूण जाते आणि तो इतरांसारखाच एक अवतार दिसू लागतो. त्याच्यामागे माणूस नाही हे सांगणारी कोणतीही खूण प्रोटोकॉलमध्ये नाही. शिवाय जे पात्र ऐकू शकते ते नोंदही ठेवू शकते. जुना प्रोटोकॉल या शक्यतेविषयी मौन बाळगतो, कारण तो रचला गेला तेव्हा बोलणारा माणूसच असणार हे गृहीत होते.

तिसरा मुद्दा जागेचा. एका प्रदेशात एका वेळी सहाच अवतार मावतात. हॅबिबॉट हा नियमाने अवतारच असल्यामुळे तो त्यांपैकी एक जागा अडवितो. रिकाम्या गावात ही अडचण जाणवत नाही. पण जेथे माणसे जमू लागतील तेथे स्वागतकर्ताच दारात उभा राहून पाहुण्याची वाट अडवील.

याचा अर्थ पुरवण्या नकोत असा नाही. मूळ खेळातही चालकवर्ग निरनिराळ्या भूमिका घेऊन वावरत असे. खेळाडूंच्या हाती पडू नये अशी एक वस्तू परत मिळविताना चालकांनी आपला अधिकार न वापरता खेळातलीच दहा हजार नाणी मोजली, ही निबंधातील नोंद महत्त्वाची आहे. यंत्रणेच्या पातळीवरील सत्ता हाती असूनही व्यवहार खेळाच्या पातळीवर करणे, ही ती शिस्त होय. पुरवणीकाराच्या हातीही प्रोटोकॉलची सत्ता असते. त्याने तीच शिस्त पाळावी अशी अपेक्षा रास्त ठरते.

समारोप :

आपल्या नाट्यपरंपरेत सूत्रधार रंगमंचावर येतो तो सूत्रधार म्हणूनच. प्रेक्षकांना त्याच्याविषयी भ्रम नसतो. स्वयंचलित पात्रानेही नावातून व पहिल्याच वाक्यातून आपली ओळख द्यावी, खासगी निरोपांची नोंद ठेवू नये आणि प्रदेश भरत आल्यास स्वतःहून बाहेर पडावे. या तिन्ही गोष्टी कमोडोरच्या आज्ञावलीतील एक अक्षरही न बदलता, पुरवणीच्या काही ओळींत साध्य होण्याजोग्या आहेत. निओहॅबिटॅटने यंत्र जिवंत केले, ही कामगिरी मोठीच आहे. त्या यंत्रातून उमटणारा शब्द कोणाचा आहे हे ऐकणाऱ्यास कळेल, तेव्हाच त्या जगाचे जतन झाले असे म्हणता येईल.