ऐकीव मोठेपणा



पत्रिकेत माझा विषय 'कलामूल्यांची वस्तुनिष्ठता' असा छापला आहे. नाव मीच कळवलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पण काल रात्री यजमानांच्या घरी जेवताना बापलेकात वाद जुंपला, आणि मला वाटलं, आज तोच घ्यावा. आतून विषय एकच आहे. मुलगा पुण्याला शिकतो. वडील म्हणाले, "ते अजय-अतुल म्हणजे नुसता दणदणाट. उगाच डोक्यावर घेतलंय त्यांना." मुलगा म्हणाला, "पप्पा, मग तुमचं गीतरामायण पण ओव्हररेटेडच आहे. तुम्ही तरी ते पूर्ण कधी ऐकलंय का?" वडील गप्प झाले. वहिनींनी आमटी वाढली आणि कांद्याच्या भावाचा विषय निघाला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. या वयात तशीही लागत नाही म्हणा. (हशा)

'ओव्हररेटेड' हा शब्द आता आपलाच झालाय. त्यात रेट आहे, म्हणजे भाव. आणि भाव म्हणजे काय हे देवळा तालुक्यात येऊन मी शिकवायला नको. उमराण्याच्या मार्केटात ट्रॉली उभी राहते, व्यापारी हात घालून चार कांदे उचलतो, दाबून बघतो, पत्ती बघतो, आकार बघतो, मग बोली लागते. भाव चुकतो, शेतकरी मारला जातो, ते सगळं खरं आहे. पण माल न बघता बोली लागत नाही. संगीतात मात्र माल न बघता बोली लावणारे पुष्कळ. त्यात मीही होतो, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे 'ऐकीव' असा एक छान शब्द आहे. ऐकीव माहिती म्हणजे स्वतः न पाहिलेली, दुसऱ्याच्या तोंडून आलेली. आता गंमत बघा, गाणं ही तर ऐकण्याचीच गोष्ट, आणि गाण्यातला मोठेपणा मात्र आपण बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्थाने 'ऐकीव' स्वीकारतो. आजोबांनी सांगितलं, पु. लं.नी लिहिलं, पुरस्कार मिळाला, व्ह्यूज कोटीत गेले. माझं म्हणणं एवढंच आहे की एखादा कलावंत ओव्हररेटेड आहे असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या गाण्याबद्दल आपण काहीच बोललेलो नसतो. त्याच्याबद्दलच्या ऐकीव माहितीबद्दल आपण वैतागलेलो असतो.

बालगंधर्वांचं उदाहरण घेतो, कारण महाराष्ट्राने त्यांच्याइतकं डोक्यावर क्वचितच कुणाला घेतलं असेल. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. ते १५ जुलै १९६७ ला गेले तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो. माझे वडील त्या रात्री जेवले नाहीत. मला ते विचित्र वाटलं. पुढे नोकरी लागल्यावर मी त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. खरखर, तीन-साडेतीन मिनिटांत संपणारं पद, आणि आवाज मला पातळ वाटला. झालं! त्यानंतर कितीतरी वर्षं वर्गात मी 'समूहाचा भ्रम' शिकवताना बालगंधर्वांचं उदाहरण देत होतो. मुलं हसायची, मला बरं वाटायचं.

मी तोलत काय होतो? तबकडी. वडिलांनी जे ऐकलं होतं ते त्या तबकडीत मावणारं नव्हतंच. नाटकात एका पदाला वन्स मोअर पडायचा, परत पडायचा, आणि दर वेळी पद वेगळं व्हायचं. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, मागे ऑर्गन. प्रयोग मध्यरात्र उलटून जायचा. त्यातली तीन मिनिटं कापून मला मिळाली, आणि मी निकाल दिला. बरं, उलट बाजूही तितकीच खरी आहे. वडिलांच्या पिढीने ज्याला गाणं म्हटलं त्यात शालू होता, चालण्याची ढब होती, लोकमान्यांनी दिलेली पदवी होती. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये नारायणराव एकनाथ झाले, पुरुषवेषात पडद्यावर आले, आणि रंगभूमीवरची जादू तिथे काही उतरली नाही. म्हणजे भक्तांनीही फक्त गाणं ऐकलं नव्हतं. त्यांनी एक अख्खं प्रकरण ऐकलं होतं, आणि भाव सगळा गळ्याच्या खात्यावर जमा केला होता.

आता ८ जुलै १९२१ कडे या. मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. आजच्या भाषेत दोन बँडचे फॅन एका मैदानात आणून बसवल्यासारखं. त्या रात्री वरचढ कोण ठरलं यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, आणि वाद घालणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो प्रयोग पाहिलेलाच नव्हता! केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, उणंपुरं एकतीस वर्षांचं आयुष्य. बालगंधर्वांना पुढे सेहेचाळीस वर्षं मिळाली. भाव ठरताना आयुष्याची लांबीसुद्धा मालात धरली जाते, ती अशी.

आणखी एक होतं. एकदा एखाद्याला फार डोक्यावर घेतलं की तो स्वतःच माप होऊन बसतो. बालगंधर्व म्हणजे माधुर्य, म्हणून गाणं म्हणजे माधुर्य. मग मास्टर दीनानाथांसारखा माणूस येतो, तिरकस जाणारा, उसळी मारणारा, ऐकणाऱ्याला बेसावध गाठणारा. त्याला त्या मापाने मोजलं तर तो कमीच भरणार. ते १९४२ साली गेले, वय एक्केचाळीस. कुणी मला विचारलं की बालगंधर्व ओव्हररेटेड होते का, तर आज मी म्हणेन, त्यांची लय आणि शब्द धरून ठेवण्याची रीत ऐकल्यावर गायक म्हणून नाही म्हणवत. पण माप म्हणून, होय, ते ओव्हररेटेड होते, आणि त्याची किंमत दीनानाथांनी मोजली.

तत्त्वज्ञानाचा माणूस बोलावलाय तर थोडं तत्त्वज्ञानही सोसा. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट आहे. सँको पान्झाचे दोन नातलग एका पिंपातली दारू चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची नाही, कातड्याची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी सापडते एक किल्ली, कातडी वादी बांधलेली. मला यातली आवडती गोष्ट ही की त्या दोघांनी 'भिकार' किंवा 'ग्रेट' असं काहीच म्हटलं नाही. कशाची चव लागली ते सांगितलं, म्हणून तळाशी जाऊन तपासता आलं. दुसरा कांट. तो म्हणतो, सुंदर आहे हा निर्णय दुसऱ्याकडून उसना आणता येत नाही. शंभर जणांनी सांगितलं तरी कविता तुमची तुम्हालाच वाचावी लागते. दोघांचं पुढे पटत नाही, ते आज सोडून देऊ. कालच्या वादापुरतं दोघांकडून एकच घ्यायचं: आधी चाखा, मग कशाची चव लागली ते नेमकं सांगा.

तर मी गेल्या महिन्यात नेमकं तेच केलं होतं, योगायोगाने. गीतरामायण ओळीने ऐकलं, चार दिवस लागले. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. आठवड्याला एक गाणं, वर्षभर. अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन झाली. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, आणि शुक्रवार काही थांबत नाही. मूळ कार्यक्रमात अनेक गायक होते हेसुद्धा आज बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण आपल्या कानात बसलंय ते बाबूजींनी पुढे एकट्याने गायलेलं. ऐकल्यावर माझं मत असं झालं: बारा-पंधरा गाणी अशी आहेत की त्यांच्यापुढे बोलू नये. वीसेक चांगली. उरलेली आठवड्याच्या घाईने झालेली वाटतात, कथा पुढे ढकलण्यापुरती. छप्पनच्या छप्पन गाण्यांना जो भाव दिला जातो त्यात रामाचा वाटा आहे, रेडिओच्या त्या काळाचा आहे, आणि आपल्या लहानपणाचा तर फारच आहे. आणि या मोठ्या नावामुळे 'जगाच्या पाठीवर'चे फडके मागे पडले. १९६० चा सिनेमा, तेच दोघे गीतकार-संगीतकार. चाल साधी ठेवून दुःख आत कसं मुरवायचं, ते तिथे ऐका. माझ्या मते बाबूजींचं खरं मोठेपण तिथे जास्त आहे. पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडू.

आता मुलाची पाळी. तू मागे बसलायस ते दिसतंय मला. अजय-अतुल दणदणाट करतात हे वडिलांचं म्हणणं अर्धंच ऐकून केलेलं आहे. 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'नटरंग' २०१० ला आला; त्यात जुन्या लावणीची आणि जोगतिणींच्या गाण्याची नस त्यांना सापडली आहे, आणि वाद्यं माणसाच्या आवाजाला जागा देतात. 'सैराट'चं मात्र आपण काय कौतुक केलं ते आठव. लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्डिंग केलं, याचं! व्हायोलिनं किती, खर्च किती. त्या व्हायोलिनांनी गाण्यात केलं काय, हे कुणी सांगितलं नाही. मला तिथे प्रत्येक भावना तीनदा सांगितल्यासारखी वाटते. आधी गायक सांगतो, मग कोरस, मग अख्खा ऑर्केस्ट्रा. आणि 'झिंगाट'? त्याची मी बाजू घेतो. २०१६ पासून आपल्या भागातली एक वरात त्याच्याशिवाय गेली नाही. ट्रकवरच्या बँडचा कॅसिओवाला, खाली ताशा, एवढ्यावर ते गाणं जसंच्या तसं उभं राहतं. लॉस एंजेलिस काढून घेतलं तरी जे उभं राहतं ते पक्कं बांधलेलं असतं.

आता माझ्या स्वतःच्या बोलीची गोष्ट. साधारण चाळीस वर्षांपूर्वी मी ज्या कॉलेजात होतो तिथे स्नेहसंमेलनाच्या समितीवर होतो. मुलांनी मागणी केली, भीमगीतं आणि कव्वाली गाणारी पार्टी बोलवा. मी म्हणालो, "उत्साह आहे, पण त्यात संगीत काय आहे?" भावगीतांचा कार्यक्रम ठरला. एक विद्यार्थी बैठकीनंतर दाराशी थांबला. आवाज न चढवता म्हणाला, "सर, तुम्ही प्रल्हाद शिंदेंना ऐकलंय का?" मी म्हटलं, "लाउडस्पीकरवर ऐकतोच की." तो म्हणाला, "ते कानावर पडतं सर. ऐकलंय का?"

मला राग आला होता. आठवड्याने त्याने एक कॅसेट आणून दिली. ती मी बरेच दिवस टेबलाच्या खणात ठेवली, हे सांगायला आज लाज वाटते. मग एका रविवारी लावली. उंच पट्टीत आवाज लावलाय आणि तिथेही गळा आवळलेला नाही, शब्द एकेक सुटा, मागे बाजाची पेटी आणि ढोलकी, आणि लाउडस्पीकरनेही मोडणार नाही अशी फेक. हा आवाज उघड्या मैदानासाठी घडलेला आहे. दिवाणखान्याच्या मापाने मी त्याला खरबरीत म्हणत होतो. पंढरीच्या वाटेचं गाणं महाराष्ट्रातल्या कुठल्या एस.टी. स्टँडवर वाजत नाही सांगा. चैत्रात खानदेशातून गडाकडे पायी जाणारे लोक तुमच्या दारावरून जातात, त्यांच्या गाड्यांवर असलेच उघड्या गळ्याचे आवाज लावलेले असतात. इतकं कानावर पडलेलं आणि तरी संगीतसमीक्षेच्या पुस्तकात, माझ्या कपाटातल्या तरी, त्यांच्यावर एक पान नव्हतं.

आणि वामनदादा कर्डक तर आपल्याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, जन्म १९२२. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत, आणि पुढे हजारो गाणी लिहिली. खेड्यापाड्यांत जाऊन स्वतः गायली. प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा, दोघेही २००४ साली गेले. मी नाशिक जिल्ह्यात आयुष्य काढलं, सौंदर्यशास्त्र शिकवलं, रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' मला जवळजवळ पाठ होती. आणि वामनदादांना समोर बसून ऐकायची संधी असताना मी गेलो नाही. जातीचा प्रश्न त्यात नव्हता असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. आज सांगणार नाही. ज्यांना मी 'संगीत काय आहे' असं विचारलं ते गायक कोण होते आणि ज्यांना न विचारता मोठं मानलं ते कोण होते, याची यादी केली की उत्तर समोरच येतं.

आता कुणी म्हणेल, मग व्ह्यूज बघा ना, तिथे सगळे समान. अहिराणी गाणी कोटीत जातात. आनंदच आहे, आपल्या बोलीला कुणी विचारत नव्हतं. पण व्ह्यूज म्हणजे पुन्हा कानावर पडणंच. लग्नात डीजेने लावलं तरी आकडा वाढतो. त्या अहिराणी गाण्यांत चार चांगली कुठली आणि चाळीस नक्कल कुठली, हे या तालुक्यातल्या कुणीतरी लिहायला हवं. मी बाहेरचा, माझी अहिराणी कच्ची.

मघाशी चिठ्ठी आली आहे: 'लताबाई ओव्हररेटेड आहेत का?' मला सुखरूप घरी जायचंय हो. (हशा) एकच सांगतो. त्यांच्या गळ्याबद्दलचा प्रश्न आणि इतरांना किती संधी मिळाली हा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतात.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. मी पेनड्राइव्हवर चार गाणी आणली आहेत. ध्वनिक्षेपकवाले भाऊ लावतील. नावं मी आधी सांगणार नाही, शेवटी सांगेन. यजमान आणि चिरंजीव, तुम्ही दोघे पुढे येऊन बसा. हातात कागद घ्या, आणि 'आवडलं' किंवा 'नाही' असं लिहू नका. काय ऐकू आलं ते लिहा. भाऊ, आवाज थोडा कमीच ठेवा, आणि तो पंखा बंद करता आला तर बघा.

(यानंतर ध्वनिमुद्रणे ऐकवण्यात आली.)