अस्त्राचा उपसंहार

हिंगोलीकडच्या गोरेगावी चातुर्मासात मारुतीच्या देवळात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ लावण्याची रीत माझ्या बालपणी होती. चौरंगावर तांबड्या वस्त्रातून सोडलेली पोथी, शेजारी कंदील, आणि दिवसभर निंदण-खुरपण करून आलेली माणसे भिंतींना टेकून बसलेली, असा तो थाट असे. अश्वत्थाम्याची कथा चालू असता पोथी सांगणाऱ्या गृहस्थांनी व्यासांच्या मूळ ग्रंथातील एक गोष्ट मध्येच सांगितली, की ब्रह्मशिर अस्त्राचे निवारण ज्या देशी दुसऱ्या तशाच महास्त्राने होते त्या देशी बारा वर्षे पाऊस पडत नाही. त्यावर खांबाआडून एका वृद्धेने विचारले, “मंग बारा वर्सं ढोरायला काय घातलं व्हो?” कोणी हसले नाही. १९७२ चा दुष्काळ त्या मंडळींनी अंगावर काढला होता, आणि अस्त्राची खरी मोजदाद कोठून सुरू होते हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते.

यंत्रयुगापूर्वीच्या कल्पित जगासाठी सर्वसंहारक आयुधे रचणे ही एक स्वतंत्र कला आहे, आणि मराठी माणसाला तिचा वारसा जगातील कोणत्याही वाचकाहून अधिक जवळून मिळालेला आहे. व्यासांची अस्त्रे मी जितकी पुनःपुन्हा वाचतो तितके हे पटत जाते, की त्यांच्या रचनेचे मर्म तेजात नसून अटींत आहे. नारायणास्त्र प्रतिकार करणाऱ्यावर अधिकच भडकते, आणि शस्त्र ठेवून रथाखाली उतरणाऱ्याला स्पर्श करीत नाही. म्हणूनच हट्टाने लढत राहिलेल्या भीमाला कृष्णार्जुनांना ओढून खाली काढावे लागते, आणि दुर्योधन तेच अस्त्र पुन्हा सोडावयास सांगतो तेव्हा ते सोडणाऱ्यावरच उलटेल असे अश्वत्थामा त्याला बजावतो. कर्णाची वासवी शक्ती एकदाच चालावयाची, ती घटोत्कचावर खर्ची पडते. पाशुपत देताना शंकर अर्जुनाला ताकीद देतात, की दुर्बलावर हे सोडशील तर जग जळेल. आणि ब्रह्मशिराच्या प्रसंगी तर सारे नाट्य सोडण्यात नसून परत घेण्यात आहे: गवताच्या एका काडीवर अश्वत्थामा ते अस्त्र योजतो, अर्जुन तसेच सोडतो, नारद आणि व्यास दोन ज्वाळांच्या मध्ये उभे राहतात, अर्जुनाला संयमाच्या बळावर उपसंहार साधतो, अश्वत्थाम्याला साधत नाही, आणि जे आवरता येत नाही ते शेवटी पांडवस्त्रियांच्या गर्भावर जाऊन पडते. शत्रूच्या सेनेकडून न जन्मलेल्या मुलाकडे वळलेले हे अस्त्र ज्याने कल्पिले त्याने १६ जुलै १९४५ च्या न्यू मेक्सिकोतील अणुबाँबच्या चाचणीची वार्ता ऐकली नव्हती. परंतु सोडणाऱ्याच्या हातून निसटलेल्या सामर्थ्याची दिशा त्याने अचूक ओळखली होती.

चाचणीचा विषय निघालाच आहे म्हणून वनपर्वातील एक लहानसा प्रसंग नमूद करतो, कारण आमच्या लेखकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. स्वर्गातून परतलेला अर्जुन भावांच्या आग्रहावरून दिव्यास्त्रे दाखवावयास उभा राहतो. पृथ्वी कापू लागते, नद्या-समुद्र क्षुब्ध होतात, आणि नारद येऊन त्याला थांबवितात, की लक्ष्य नसता ही योजावयाची नसतात. केवळ दाखविण्याचेही मोल जमिनीला मोजावे लागते, ही सूक्ष्मता मला आजच्या अद्भुतकथेत क्वचितच भेटते.

या वारशाचे पुढे काय झाले? हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचे रावणदहन पाहावयास आमच्या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत, आणि तेथे दारूकाम डोळे दिपवीत असले तरी अस्त्राचा भार खरोखर उचलतो तो संवाद म्हणणाऱ्याचा आवाज. बाण बांबूचा आहे हे ठाऊक असूनही मुले दचकतात ती त्या आवाजाने. दूरदर्शनवर १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि १९८८ मध्ये ‘महाभारत’ आले तेव्हा दोन बाण आकाशात समोरासमोर येऊन ठिणग्यांत विझण्याचे दृश्य घराघरांत पोचले. त्या मालिकांचे ऋण मी नाकारीत नाही. परंतु त्या दृश्याने अस्त्राचे गणित बेरीज-वजाबाकीचे करून टाकले. बाणाला बाण भिडला की हिशेब पुरा! व्यासांच्या लेखी तो तेथे सुरू होतो, कारण अस्त्राने अस्त्र शमले की दुष्काळ उरतो.

कादंबरीने अधिक विवेक दाखविला, हे आनंदाने मान्य करावयास हवे. खांडेकरांच्या ‘ययाती’त (१९५९) कचाच्या संजीवनीला जे स्थान आहे ते पाहता मृताला उठविणारी विद्याही युद्धाच्या पदरी पडली की आयुध होते, हे उमगते; एका पक्षाचे सैनिक मरतच नाहीत, याहून भीषण शस्त्र कोणते? शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाच्या ब्रह्मास्त्राला त्याच्या आयुष्यातील असत्याचा आणि अवहेलनेचा भार लागलेला आहे. त्याच वर्षीच्या ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्व्यांनी खांडववन जाळण्याकडे पराक्रम म्हणून न पाहता निर्दय संहार म्हणून पाहिले, आणि माझ्या मते मराठीतील अस्त्रविचाराचे ते सर्वांत धारदार पान आहे. जी. ए. कुलकर्णी ‘इस्किलार’मध्ये स्वतःचे प्राचीन जग उभे करतात, त्यांच्या जगात संहाराला आयुधाची गरजच पडत नाही, नियती पुरते.

पाश्चात्त्यांत टोल्किनने १९५४-५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अंगठीच्या कथेत शस्त्र वापरण्याहून नष्ट करणे कठीण केले, आणि ती कथा महायुद्धाचे रूपक नाही असे पुढे स्वतः सांगितले, कारण तसे असते तर अंगठी जप्त करून शत्रूवर वापरली गेली असती. नव्या मराठी लेखकांनी त्याच्याकडून नकाशे आणि वंशावळी घेतल्या, त्यात वावगे काही नाही. पण बहुतेक हस्तलिखितांत मला अस्त्र भेटते ते सोन्याच्या पात्यासारखे, निळ्या ज्वाळेचे, अमुक योजने जाळणारे. ते कोणी राखले, कोणत्या कोठारात, कोणाच्या शिक्क्याने सुटले, आणि नंतर त्या परगण्याचा वसूल किती बुडाला, याचा पत्ता नसतो.

वास्तविक ज्वाळेवाचूनही मुलूख मारता येतो, आणि त्याचा धडा आमच्या मराठवाड्यातच आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ पहिल्या बाजीरावाने निजामाच्या फौजेचे पाणी आणि रसद तोडली. जड तोफखाना मागे सोडून धावलेली ती फौज तहानेने कोंडली, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. पूर्वयुगीन जगातील लेखकाला पाणवठ्याहून मोठे आयुध शोधावयास कोठे जावे लागते? कौटिल्यही दुर्ग घेण्याचे उपाय सांगताना पक्ष्यांच्या शेपटीला अग्निचूर्ण बांधून सोडण्यापर्यंत जातो, आणि लगेच बजावतो, की पराक्रमाने काम होत असेल तर आग लावूच नये, कारण अग्नी विश्वासाचा नाही. तो माणसे, धान्य, गुरे सारे खातो, आणि सर्वस्व जळालेले राज्य हाती आले तरी ते हानीचेच. र. पं. कंगल्यांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीत तेराव्या अधिकरणातील हा उतारा मी वाचला तेव्हा मला खांबाआडची ती वृद्धाच आठवली. गुरांचा विचार दोघांनीही केला होता.

ब्रह्मशिरानंतरच्या बारा वर्षांवर मराठीत कादंबरी व्हावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. तिच्यात युद्ध पहिल्याच प्रकरणी संपलेले असावे. ती लिहावयास बसणाऱ्याने सेनगाव तालुक्यातील वृद्धांना १९७२ विषयी विचारावे: दुष्काळी कामावर खडी फोडताना हाताला फडके कोणते गुंडाळीत, मिलोची भाकर कशी तुटे, सुकडी मुलांना किती मिळे, बैलजोडीपैकी आधी कोणता बैल विकला आणि दुसरा किती दिवस हंबरत राहिला.