संबोधन आणि संज्ञा : कणसरी व डिमीटर यांच्या तुलनेविषयी काही विचार

पालघर जिल्ह्यातील वारल्यांच्या देवतांविषयी जे लेखन मराठीत होते, त्यात एक कोष्टक आता हमखास आढळू लागले आहे. पदव्युत्तर प्रबंधिकाही त्याला अपवाद नाहीत. पहिल्या रकान्यात देवतेचे नाव, दुसऱ्यात तिचे खाते आणि तिसऱ्यात तिची ग्रीक प्रतिमूर्ती. कणसरी म्हणजे धान्यदेवता, म्हणून डिमीटर. नारनदेव पर्जन्याचा, म्हणून झ्यूस. हिरवा घरातला, म्हणून हेस्तिया. वाघोबापाशी आले की लेखणी अडखळते, कारण ग्रीसमध्ये वाघ नाही. मग कोणी तो रकाना रिकामा ठेवतो, तर कोणी उत्तरकालीन रोमन चित्रांत डायोनिससच्या रथाला वाघ जुंपलेले पाहून त्यालाच तेथे आणून बसवतो. रिकाम्या रकान्याची आपल्या अभ्यासकांना वाटणारी लाज हा खरे म्हणजे एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात या कोष्टकाच्या मुळाशी असलेल्या एका भाषिक गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. देवतेचे नाव ही प्रथमा विभक्तीत उभी असलेली एक संज्ञा आहे, आणि त्या संज्ञेला अर्थ देणे म्हणजे देवतेला समजून घेणे, असे ते गृहीतक होय.

हे खातेवाटप ग्रीकांचे आहे, असा समज आहे. वस्तुतः ते शालेय पुस्तकांचे आहे. प्रत्यक्ष उपासनेतला झ्यूस हा केवळ आकाशाचा अधिपती नव्हता. अंगणातल्या वेदीवर तो ‘हेर्केयॉस’ म्हणून पूजिला जाई आणि कोठीच्या खोलीत ‘क्तेसियॉस’ म्हणून. या कोठीतल्या झ्यूसची खूण म्हणजे एक छोटे मडके. त्यात पाणी, तेल आणि नाना प्रकारची फळेबीजे घालीत, असे प्राचीन लेखक सांगतात. ज्याला आपण वीज फेकणारा देवराज म्हणून ओळखतो, तो अथेन्सच्या गृहस्थाला मडक्यात भेटत होता! कोष्टकवाल्याने हा झ्यूस पाहिला असता, तर कदाचित त्याची तुलना वेगळ्याच देवतेशी केली असती. पण तीही तितकीच निरर्थक ठरली असती, कारण दोन ठिकाणी मडके सापडल्याने दोन देवता एक होत नाहीत.

नामसाम्याच्या बाबतीत तर भाषाशास्त्राने एकदा चांगलीच ठेच खाल्लेली आहे. एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्यूलर, कून आदी पंडितांनी वैदिक आणि ग्रीक देवनामांची समीकरणे मोठ्या उत्साहाने मांडली. वरुण म्हणजे ऊरानॉस, गंधर्व म्हणजे केंटॉर, सरण्यू म्हणजे एरिनीस. ध्वनिपरिवर्तनाचे नियम जसजसे कडक होत गेले, तसतशी ही समीकरणे एकामागून एक गळाली किंवा संशयास्पद ठरली. निर्विवादपणे टिकली ती मोजकीच, आणि त्यांत अग्रभागी आहे ते द्यौष्पितृ, झ्यूस पातेर, युप्पितेर हे. या समीकरणातील एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांतून ओझरती येते. लॅटिन ‘युप्पितेर’ हे रूप प्रथमेचे नाही. ते मूळ संबोधनाचे रूप असून पुढे प्रथमेच्या जागी स्थिरावले. लोक त्या देवाविषयी बोलत कमी आणि त्याला हाक अधिक मारीत. त्या हाकेनेच नामाच्या रूपावर आपला शिक्का उठविला. शिवाय नावाला ‘पिता’ हा नातेवाचक शब्द जोडलेला आहे. आपल्याकडील खंडोबा, विठोबा, वाघोबा यांतील ‘बा’ आणि तुकाई, हिमाय यांतील ‘आई’ किंवा ‘माय’ यांची घडण याच जातीची आहे. तुलना करावयाचीच असेल, तर ती येथे करता येते. दोन्हीकडे देवतेचे नाव हे नात्याने मारलेल्या हाकेत घडलेले आहे.

आता कणसरीकडे वळू. नाव पारदर्शक आहे. संस्कृत ‘कणिश’, मराठी ‘कणीस’ आणि त्यापुढे ‘री’कारान्त स्त्रीरूप. पण हे रूप एकटे येत नाही. वारल्यांच्या आवाहनात धरतरी, कणसरी आणि गावतरी या तिघी एका दमात येतात. धरतरी हे ‘धरित्री’चे रूप उघड आहे. तिच्या साच्यावर गाईची गावतरी आणि कणसाची कणसरी ही नामे सादृश्याने बांधली गेली असावीत, असे माझे मत आहे. ही यमकबद्ध मांडणी व्याकरणकाराच्या दृष्टीने फार बोलकी आहे, कारण सादृश्याने रूपे तेथेच घडतात जेथे शब्द शेजारी-शेजारी, वारंवार आणि मोठ्याने उच्चारले जातात. कोशात शब्द एकेकटे असतात, म्हणून तेथे अशी घडण होत नाही.

अशा त्रयीचा ग्रीक जोडीदार डिमीटर नव्हे. तो शोधावयाचा असेल, तर अटिकामधील थाल्लो, ऑक्सो आणि कार्पो या तिघींकडे जावे लागेल. थाल्लो म्हणजे पालवणारी, ऑक्सो म्हणजे वाढवणारी, कार्पो म्हणजे फळणारी. तिन्ही नावे ग्रीक कानाला पूर्ण पारदर्शक आणि एकाच प्रत्ययाने बांधलेली. पुराणकथांच्या पुस्तकांत त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते, कारण त्यांना विवाह नाहीत, भांडणे नाहीत, रूपांतरे नाहीत. पण अखार्नाय येथे सापडलेल्या इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील शिलालेखात अथेन्सच्या तरुणांनी शस्त्र धारण करताना घ्यावयाची शपथ कोरलेली आहे, आणि तिच्या साक्षीदारांत थाल्लो व ऑक्सो यांची नावे झ्यूसच्या पाठोपाठ येतात. यादी तेथेच संपत नाही. देवांची नावे झाली की मायभूमीच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीर यांनाही साक्षीला बोलावलेले आहे. देव कोठे संपले आणि धान्य कोठे सुरू झाले, हे दाखविणारी रेघ त्या शिळेवर नाही. डोंगरपट्टीतल्या पाड्यावर धरतरी, कणसरी, गावतरी यांना एका दमात साद घालणाऱ्या माणसाला ही यादी परकी वाटणार नाही.

मग डिमीटरचे काय? तिच्या नावातील ‘मीटर’ म्हणजे माता, हे उघड आहे. पहिल्या अवयवावर विद्वानांचे एकमत नाही. स्वतः ग्रीकांनाही तो पारदर्शक उरला नव्हता, म्हणूनच ते त्याच्या नाना व्युत्पत्ती करीत बसले. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने ‘रेखालिपी ब’ उलगडल्यावर जी मायसिनीय कागदपत्रे वाचता येऊ लागली, त्यांत मायसिनी येथील एका मृत्पट्टिकेवर ‘सितो पोत्निया’ असे नाव मिळते. सितो म्हणजे धान्य आणि पोत्निया हा आपल्या ‘पत्नी’ या शब्दाचा सगोत्र, म्हणजे स्वामिनी. ‘धान्याची धनीण’ असे त्या नावाचे साधे मराठी होईल. होमरच्या परंपरेतील स्तोत्रात जी डिमीटर आपल्या हरवलेल्या मुलीसाठी रानोमाळ हिंडते, एल्युसिसला दाई म्हणून राहते आणि पृथ्वीवर दुष्काळ पाडते, ती या टप्प्याच्या पुष्कळ पलीकडे गेलेली आहे. ती धान्याहून निराळी व्यक्ती झाली आहे. ती धान्य देऊ शकते आणि रोखूनही धरू शकते. पुढे लॅटिन कवी भाकरीला ‘सेरेस’ म्हणू लागले. पण ती आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत लक्षणा झाली. कणसात उभ्या असलेल्या भाताला कणसरी म्हणणे ही लक्षणा नव्हे, ती अभिधा आहे. कोष्टकातील ‘कणसरी = डिमीटर’ या समान चिन्हाखाली नेमका हा भेद गाडला जातो.

येथे उझेनर या जर्मन पंडिताच्या १८९६ च्या देवनामविषयक ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याचा सिद्धान्त असा की, देवतेचे नाव जोवर पारदर्शक आहे, तोवर ती एका विशिष्ट क्रियेपुरती राहते. नाव अर्थहीन झाले की देवतेला व्यक्तित्व येते आणि व्यक्तित्वाबरोबर चरित्र येते. थाल्लो आणि डिमीटर यांच्याकडे पाहता सिद्धान्त अगदी चपखल बसतो, आणि एखाद्या लेखकाला तेथेच थांबण्याचा मोह होईल. परंतु कणसरीच तो मोडते. जव्हार-मोखाड्यापासून डांगपर्यंत पसरलेल्या कोकणा समाजात काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवून, ती बोटांनी निथळीत रात्रभर कथा गायिली जाते, आणि या थाळीकथांत कणसरीची कथा प्रसिद्ध आहे. नाव पारदर्शक असूनही तिला चरित्र आहे. ग्रीकांतही एऑस म्हणजे नित्याच्या बोलण्यातली पहाट, आणि तरी तिला प्रियकर आहेत व तिथोनॉसचे दुःख आहे. तेव्हा नावाच्या पारदर्शकतेवर चरित्र अवलंबून नसते. ते अवलंबून असते प्रसंगावर: कोण, कोणासमोर, कोणत्या वेळी ते नाव घेतो यावर. उझेनरने नावे कोशातून आणि शिलालेखांतून गोळा केली होती. त्याला हाक ऐकू येण्याचा संभव नव्हता. आपल्याला तो आहे.

पालघाट देवीचे उदाहरण या दृष्टीने अधिक गंभीर आहे. वारली लग्नात सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो देवचौक लिहितात, त्याच्या मध्यभागी ही देवी असते. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पाचशिऱ्या देव. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे स्त्री-पुरोहित, आणि ती हे कार्य गाण्याने करते. चौक काही काळ वस्त्राने झाकलेला असतो. म्हणजे देवीचे रूप, तिचे नाव आणि तिला घातलेली साद या तिन्ही गोष्टी एका वेळापत्रकाने बांधलेल्या आहेत. के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये वारल्यांवर ग्रंथ लिहिला, यशोधरा दालमिया यांचा चित्रसृष्टीवरील ग्रंथ १९८८ मध्ये आला. १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या प्रतिभावंताने (जन्म १९३४, पद्मश्री २०११, निधन २०१८) हे चित्र कागदावर आणून त्याला जगभर नेले. त्यांच्या रेषेचे सामर्थ्य वादातीत आहे. तरीही कागदावरच्या चौकाखाली जेव्हा ‘सुफलनाची देवता’ अशी चिठ्ठी लागते, तेव्हा संबोधन जाऊन संज्ञा उरते. रेषा सवासिनींच्या हातून कलावंताच्या हाती गेली. धवलेरीचे गाणे मात्र कोणाच्याच हाती गेले नाही. कलासमीक्षेने या दुसऱ्या गोष्टीची नोंद पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवीच्या नावावरून आणखी एक खेळ सुरू झाला आहे. पालघाट आणि पालघर ही नावे सारखी ऐकू येतात, म्हणून गाव देवीचे, असे आता बोलले जाते. ध्वनिसाम्य हाच पुरावा मानावयाचा, तर केरळातील पालक्काड यालाही इंग्रजी अमदानीत ‘पालघाट’ म्हणत; तेही वारल्यांच्या नावावर चढवावे लागेल. २०१४ च्या १ ऑगस्टला नवा जिल्हा झाल्यापासून त्याच्या अस्मितेला एखादी पुराणकथा हवी आहे, हे समजण्यासारखे आहे. ती व्युत्पत्तिशास्त्राकडून मागू नये.

ग्रीकांचा आणि या किनाऱ्याचा प्रत्यक्ष संबंध होता, हा युक्तिवादही अधूनमधून पुढे येतो. संबंध होताच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकावर्णनात आजच्या याच जिल्ह्यातील सोपाऱ्याचे नाव आहे, आणि कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. ते दाते मात्र बौद्ध संघाला दान देत होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची सुबक कांस्यमूर्ती तर सर्वांना ठाऊक आहे. मूर्ती समुद्र ओलांडून, घाट चढून आली. तिच्याबरोबर कोणतेही नाव मराठी मुलखात रुजल्याचा पुरावा नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये मातृदेवतांची स्थाने पायी हिंडून पाहिली आणि उर्वशीच्या कथेचा विचार करताना ग्रीक सामग्रीही वापरली; परंतु त्यांची तुलना स्थान आणि विधी यांच्यापासून निघते, खात्यांच्या यादीपासून नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांनी कोसंबींचे निष्कर्ष स्वीकारावेत असा माझा आग्रह नाही. त्यांची चाल उचलावी.

बोईसर-तारापूरच्या परिसरात ही निकड अधिक आहे. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि ज्या घरांत भात पिकत असे त्यांतील पुष्कळांच्या घरी आता तांदूळ दुकानातून येतो. पिशवीतल्या तांदळाला कणसरी म्हणून हाक मारली जाते काय? मारली जात असेल, तर कोणत्या रूपाने? ‘माय’ हे पद मागे लागते की गळते? मुले शाळेतल्या प्रमाण मराठीत तिच्याविषयी बोलतात तेव्हा ती ‘कणसरीने’, ‘कणसरीला’ अशी विभक्त्यांतून फिरू लागते काय, आणि आजीच्या बोलीत ती केवळ संबोधनातच येते काय? रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील पाडे आणि वसाहतीलगतच्या चाळी अशा दोन ठिकाणी, एकाच कुळातील दोन पिढ्यांची ही रूपे ध्वनिमुद्रित करून विभक्तिवार मांडणे हे एका प्रबंधिकेच्या आवाक्यातले काम आहे. कोष्टक करावयाचे असेल तर ते या रूपांचे करावे. त्यात वाघोबाचा रकानाही भरेल, आणि तो भरण्यासाठी डायोनिससला बोलवावे लागणार नाही.