मूळ मंडळी आणि मूळ शब्द : पुनःस्थापनावादी युक्तिवादाचे परीक्षण

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात ‘मुळाकडे परत चला’ ही हाक पुनःपुन्हा उठलेली आहे. प्रस्थापित धर्मसंस्था जड झाली, विधी आणि अधिकारपदे यांचे थर चढत गेले, की कोणीतरी उठतो आणि पहिल्या शतकातील साध्या मंडळीकडे बोट दाखवतो. या हाकेचे नैतिक मोल कोणी नाकारणार नाही. परंतु ती केवळ नैतिक हाक राहत नाही. ती लवकरच भाषिक युक्तिवादाचे रूप घेते. आरंभीची मंडळी आज डोळ्यांनी पाहता येत नाही. ती ग्रीक भाषेतील काही लेखांतूनच आपल्यापर्यंत पोचते. त्यामुळे मूळ आचाराकडे परतणे म्हणजे व्यवहारात मूळ शब्दाकडे परतणे असे समीकरण बनते. प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे ते हे समीकरण. त्या श्रद्धेची सत्यासत्यता हा येथील विषय नव्हे. शब्दावर जो भार टाकला जातो तो शब्दाला पेलतो काय, एवढाच प्रश्न आहे.

या समीकरणाचा उगम सोळाव्या शतकात सापडतो. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला आणि रूढ लॅटिन भाषांतरातील शब्द मूळ ग्रीकाशी ताडून पाहण्याची सोय झाली. विल्यम टिंडलने १५२६ च्या आपल्या इंग्रजी नव्या करारात ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ‘चर्च’ हा रूढ शब्द टाकून ‘कॉन्ग्रिगेशन’ हा शब्द योजिला. यावरून टॉमस मोर याच्याशी त्याचा जो वाद झाला, तो वरवर पाहता प्रतिशब्दांचा होता. वस्तुतः तो सत्तेचा होता. ‘चर्च’ म्हटले की अधिकारपरंपरेने बांधलेली संस्था डोळ्यांपुढे येते. ‘कॉन्ग्रिगेशन’ म्हटले की केवळ जमलेली माणसे. १५३६ साली टिंडलला पाखंडी ठरवून देहान्ताची शिक्षा झाली. पुढे १६०४ साली राजा जेम्सच्या आज्ञेने नवे भाषांतर सुरू झाले, तेव्हा जुने धर्मसंस्थीय शब्द कायम ठेवावेत, ‘चर्च’ऐवजी ‘कॉन्ग्रिगेशन’ लिहू नये, असा नियमच भाषांतरकारांना घालून देण्यात आला. शब्दनिवडीमागे केवढे हितसंबंध उभे असतात याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

तथापि या युक्तिवादाचे सर्वांत शुद्ध रूप पाहावयाचे तर एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेकडे वळले पाहिजे. बार्टन स्टोन, टॉमस कॅम्बेल आणि त्याचा पुत्र अलेक्झांडर कॅम्बेल हे या ‘पुनःस्थापना’ चळवळीचे अध्वर्यू. टॉमस कॅम्बेलने १८०९ साली काढलेल्या जाहीरनाम्याचा इत्यर्थ असा की, पंथभेद माणसांनी केलेल्या मतपत्रिकांमुळे निर्माण झाले. त्या दूर सारून शास्त्रात जे स्पष्ट सांगितले आहे तेवढेच बंधनकारक मानले, तर सर्व ख्रिस्ती लोक पुन्हा एक होतील. १८३२ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथे स्टोन व कॅम्बेल यांचे अनुयायी एकत्र आले. ही चळवळ महाराष्ट्रालाही सर्वस्वी परकी नाही. तिच्याच प्रवाहातील ऑस्ट्रेलियन मंडळ्यांनी विसाव्या शतकात बारामतीच्या परिसरात मिशनकार्य केले.

पंथभेद मिटविण्यासाठी निघालेल्या या चळवळीतच पुढे फूट पडली, आणि १९०६ च्या अमेरिकी धार्मिक गणनेत ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ आणि ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ अशा दोन स्वतंत्र नोंदी झाल्या. या फुटीची कारणे अनेक होती. मिशनरी संस्था असाव्यात की नसाव्यात हा वाद होता. यादवी युद्धानंतरचे उत्तर-दक्षिण अंतरही होते. परंतु जे कारण प्रार्थनामंदिरात प्रत्यक्ष कानांवर पडत होते, ते म्हणजे उपासनेतील वाद्य. आणि या वाद्याचा निकाल, निदान वादपटूंच्या दृष्टीने, एका ग्रीक क्रियापदाच्या अर्थावर अवलंबून होता. हा युक्तिवाद तीन शब्दांच्या आधारे तपासता येईल.

पहिला शब्द ‘एक्लेसिया’. ‘बाहेर’ आणि ‘बोलावणे’ असे याचे दोन घटक दाखवून, मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावून घेतलेल्यांचा समाज, असा अर्थ प्रवचनांतून नेहमी काढला जातो. पण अथेन्समध्ये हा शब्द नागरिकांच्या सभेचे साधे नाव होता. हिब्रू शास्त्राच्या ‘सेप्टुअजिंट’ या ग्रीक भाषांतरात तो इस्राएलाच्या सभेसाठी येतो. आणि खुद्द नव्या करारात, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, इफिस येथील रंगमंडपात पौलाच्या सोबत्यांविरुद्ध आरडाओरडा करणाऱ्या जमावालाही हाच शब्द लावलेला आहे. तो जमाव कोणी जगातून बाहेर बोलावलेला नव्हता. शब्दाचे घटक आणि शब्दाचा अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याच ग्रंथातील साक्षीवरून सिद्ध होते.

या शब्दाची पुढील वंशावळ तर अधिकच उद्बोधक आहे. इंग्रजी ‘चर्च’ हा शब्द ‘एक्लेसिया’पासून आलेला नाही, तो ‘प्रभूचे’ या अर्थाच्या ‘कुरिआकोन’ या दुसऱ्याच ग्रीक शब्दाकडे जातो. याउलट फ्रेंच ‘एग्लीझ’ आणि पोर्तुगीज ‘इग्रेजा’ हे शब्द थेट ‘एक्लेसिया’चे वंशज आहेत, आणि त्या पोर्तुगीज शब्दावरूनच गोव्यातील ‘इगर्ज’ हा शब्द आला. म्हणजे प्रेषितांच्या ग्रंथातील शब्द वंशपरंपरेने टिकला तो रोमन कॅथलिक परंपरेच्या भाषांत, आणि गोव्यात तर तो इमारतीचे नाव होऊन बसला. शब्दाची कुळी शुद्ध असली म्हणून संस्थेची कुळी शुद्ध ठरत नाही.

दुसरा शब्द ‘बाप्तिझेइन’. अलेक्झांडर कॅम्बेलने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या इंग्रजी आवृत्तीत ‘बॅप्टाइझ’ हा लिप्यंतरित शब्द काढून ‘पाण्यात बुडविणे’ या अर्थाचा शब्द घातला. भाषाशास्त्रीय दृष्टीने त्याचा पक्ष दुबळा नव्हता. ग्रीक वाङ्मयात या क्रियापदाचा बुडविणे हा अर्थ प्रसिद्ध आहे. सेप्टुअजिंटमध्ये नामान यार्देन नदीत बुडी घेतो तेथे तेच क्रियापद आहे. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात जेवणापूर्वीच्या शुद्धीसाठीही तेच क्रियापद येते. ते स्नान की हस्तप्रक्षालन याविषयी मतभेद असले, तरी तेथे लक्ष्य आहे ते शुद्धीकडे. कॅम्बेलच्या मृत्यूनंतर आणखी एक साक्ष उजेडात आली. फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३ साली कॉन्स्टॅन्टिनोपल येथे सापडलेल्या आणि १८८३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा असे सांगितले आहे. ते नसेल तर दुसरे पाणी चालेल, आणि तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीनदा पाणी ओतावे अशी मुभा आहे. ही मुभा ‘बाप्तिझेइन’च्या विधानाखालीच येते. म्हणजे ज्या आरंभीच्या मंडळीकडे परतावयाचे, तिच्याच एका गटात हा शब्द क्रियेच्या आकाराचे नाव न राहता विधीचे नाव झाला होता.

तिसरा शब्द ‘प्साल्लेइन’. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात गाण्याच्या जोडीला हे क्रियापद आले आहे. त्याचा जुना अर्थ तार छेडणे असा. वाद्याचे समर्थक म्हणू लागले, शब्दातच वाद्य आहे; मग उपासनेत ते निषिद्ध कसे? विरोधकांनी उत्तर दिले, आणि एम. सी. कर्फीस याने १९११ च्या आपल्या ग्रंथात ते विस्ताराने मांडले, की शब्दाचे अर्थ बदलतात. छेडण्यापासून वाद्यावर गाण्याकडे आणि तेथून केवळ गाण्याकडे हा शब्द सरकला, आणि नव्या कराराच्या काळी तो गाण्यापाशी स्थिरावला होता. हे उत्तर भाषाशास्त्रीय दृष्ट्या वजनदार आहे. स्तोत्रसंहितेच्या ग्रीक भाषांतरात या क्रियापदाबरोबर वाद्याचे नाव स्वतंत्रपणे द्यावे लागते. वाद्य शब्दातच असते तर त्याची गरज पडती ना. आजच्या ग्रीक भाषेतही हा शब्द धर्मगायनाचा आहे.

पण मग एक पेच उभा राहतो. वाद्याच्या प्रश्नात अर्थान्तर मान्य करणारा पक्ष बाप्तिस्म्याच्या प्रश्नात धातूच्या मूळ भौतिक अर्थाला चिकटून राहतो, असा आक्षेप सहज घेता येतो. या पक्षाला न्याय द्यावयाचा तर त्याचे उत्तरही मांडले पाहिजे. तो म्हणेल, ‘आम्ही व्युत्पत्ती प्रमाण मानीत नाही, नव्या कराराच्या काळचा वापर प्रमाण मानतो. त्या काळी एका शब्दाचा अर्थ बदलला होता, दुसऱ्याचा नव्हता.’ हे उत्तर सुसंगत आहे. परंतु त्याची किंमत मोठी आहे. वापर प्रमाण मानला की वापर करणारा समाज प्रमाण मानावा लागतो. दिदाखेची साक्ष मग टाळता येत नाही. ग्रीक धर्मगायनाची दीर्घ परंपराही साक्षीला बोलवावी लागते. म्हणजे ज्या परंपरेला वगळून शास्त्राकडे थेट जावयाचे होते, तिचाच हात धरल्याशिवाय शास्त्रातील शब्द कळत नाही. परंपरेवाचून मूळ, ही या चळवळीची प्रतिज्ञा. ती शब्दार्थनिर्णयाच्या पहिल्याच पायरीवर ढळते.

जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलच्या भाषेच्या अर्थविचारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात व्युत्पत्तीवरून धर्मसिद्धान्त काढण्याच्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली आहे. आपल्याकडील विद्यार्थ्याला हे तत्त्व अपरिचित वाटू नये. मम्मटाने ‘कुशल’ शब्दाच्या ठिकाणी, कुश उपटणारा या मूळ अर्थावरून निपुण हा अर्थ आला म्हणून, रूढिलक्षणा मानली. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त ते अमान्य केले. शब्द कशावरून घडला ते निमित्त वेगळे आणि तो कोणत्या अर्थाने प्रवृत्त होतो ते निमित्त वेगळे, असा त्याचा आशय. ‘गो’ शब्द जाण्याच्या धातूवरून आला म्हणून निजलेल्या गाईला गाय म्हणताना कोणी लक्षणेचा आश्रय करीत नाही. व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त यांमधील हा विवेक निदान चौदाव्या शतकापासून आपल्या शास्त्रात आहे. तो बायबलच्या अभ्यासालाही तितकाच लागू पडतो.

मग शब्दाभ्यासाने काहीच सिद्ध होत नाही काय? असे म्हणणे अतिरेकाचे होईल. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ज्या माणसांना आरंभी ‘प्रेस्बितेरोस’ म्हणजे वडील म्हटले आहे, त्यांनाच थोड्या अंतरावर ‘एपिस्कोपोस’ म्हणजे देखरेख करणारे म्हटले आहे. तीताला लिहिलेल्या पत्रातही तसेच आहे. यावरून एकछत्री बिशपपद आरंभापासून सर्वत्र होते हा दावा निश्चितच खिळखिळा होतो. पुनःस्थापनावाद्यांनी हे ओळखले ते बरोबरच. पण दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या म्हणून गणल्या जाणाऱ्या इग्नेशियसच्या पत्रांत एकच बिशप मंडळीच्या शिरोभागी दिसतो. तेव्हा शब्दांची साक्ष खंडन करू शकते, विधान करू शकत नाही. अमुक प्रथा सार्वकालिक नव्हती हे ती सांगते. म्हणून तमुक प्रथा सदैव पाळावी हे सांगण्याचा अधिकार तिला नाही.

मराठीपुरते पाहिले तर या वादाची एक वेगळीच बाजू दिसते. टिंडलला ज्या शब्दासाठी झगडावे लागले, त्याच्या तोडीचा ‘मंडळी’ हा शब्द मराठी बायबलात सहज रुळला. भजनी मंडळी, नाटक मंडळी, घरची मंडळी यांत वावरणारा हा शब्द एक्लेसियासारखाच लौकिक आहे. मंडळी शब्दात ‘मंडल’ आहे म्हणून उपासकांनी वर्तुळातच बसले पाहिजे असे कोणी म्हटलेले नाही! ‘बाप्तिस्मा’ मात्र लिप्यंतरितच राहिला. बंगालीत बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी या शब्दाचा बुडविण्याच्या अर्थाने अनुवाद केला, तेव्हा १८३० नंतरच्या दशकात बायबल सोसायटीने आपले साहाय्य नाकारले आणि इंग्लंड-अमेरिकेत स्वतंत्र संस्था निघाल्या. अनुवाद न करणे हाही येथे एक समझोता होता.

आणि येथेच नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. १९१७ साली त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ख्रिस्ताभोवती जमणाऱ्या या बंधुसमाजात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. येशू आणि त्याचे शिष्य यांच्या साध्या नात्याकडे परतण्याचीच ती ओढ होती. परंतु कॅम्बेलने मूळ ज्या शब्दात शोधले, त्या शब्दाच्या उंबऱ्यावर टिळक थांबले नाहीत. दोन वर्षांतच, १९१९ साली, ते निवर्तले. त्यांचा प्रयोग संस्थारूपाने फळास आला नाही, हे खरे. पण मुळाकडे जाण्याची वाट एकच नाही, एवढे तो दाखवून गेला.

आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी जी ग्रीक वापरली ती बाजारातील, पत्रव्यवहारातील, व्यवहाराची ग्रीक होती, हे डाइसमनने १९०८ च्या आपल्या ग्रंथात ईजिप्तमधील पपायरसांच्या आधारे दाखविले. त्यांनी पवित्र म्हणून जपलेले शब्द शोधले नाहीत. हाताशी असलेले शब्द उचलले आणि आपल्या वापराने त्यांना नवा अर्थ दिला. मुळाकडे परतणाऱ्याने त्यांचे अनुकरण करावयाचे तर ते या कृतीचे करावे लागेल. त्यांचे शब्द गोठवून ठेवणे ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी केली नव्हती. भाषाशास्त्र एवढेच सांगू शकते. त्यापुढचा निर्णय ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. परंतु एका क्रियापदापायी एकमेकांपासून दूर झालेल्या मंडळ्यांचा इतिहास डोळ्यांपुढे असता, एवढे तरी स्पष्टपणे सांगणे हे आपल्या शास्त्राचे कर्तव्यच आहे.