चेजर्ल्याचा कपोतेश्वर : आख्यायिका आणि प्रमाण

आंध्र प्रदेशातील पलनाडु जिल्ह्यात (२०२२ पूर्वी गुंटूर) चेजर्ला येथे कपोतेश्वराचे लहानसे विटांचे मंदिर आहे. अमरावती व नागार्जुनकोंडा पाहणाऱ्या उपासकांची पावले तिकडे क्वचितच वळतात. अर्धवर्तुळाकार पाठभिंत, गजपृष्ठाकार छत व दर्शनी भागावरील चैत्यगवाक्षाची कमान पाहताच कार्ले-भाजे येथील चैत्यगृहे आठवतात. महाराष्ट्रातील तेर येथील त्रिविक्रम मंदिरही याच घाटाचे आहे. ही दोन्ही मूळची बौद्ध चैत्यगृहे होत, असे मत अनेक विद्वानांनी मांडले आहे.

स्थानिक आख्यायिका अशी : मांधात्याचे पुत्र मेघडंबर व जीमूतवाहन येथे तप करीत देह ठेवून लिंगरूप झाले. त्यांच्या शोधार्थ आलेल्या शिबी राजाने शरणागत कबुतरासाठी आपले मांस कापून दिले व अखेर तोही लिंगरूप झाला. लिंगावरील खळगे त्याच्या घावांच्या खुणा मानल्या जातात.

ही कथा ऐकून ‘हे तर आमचेच जातक’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पाली शिविजातकात (क्र. ४९९) राजा नेत्रदान करतो, तेथे कबुतर नाही. कबुतराची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, तशीच उत्तरेकडील बौद्ध परंपरेतही आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानने सुवास्तूच्या परिसरात त्या प्रसंगाचा स्तूप पाहिला. अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मध्येही तो चित्रित आहे. जीमूतवाहन हा हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा नायक, आणि त्या नाटकाच्या नांदीत बुद्धाचे स्तवन आहे. पण तेथे तो शिबीचा बंधू नव्हे. स्थापत्याचा पुरावाही एकटा पुरेसा नाही. ऐहोळे येथील दुर्ग मंदिर गजपृष्ठाकार असूनही ब्राह्मणी परंपरेचे आहे.

मग आख्यायिकेचे मूल्य काय? आत्मदानाने विख्यात असे दोन नायक चैत्यसदृश वास्तूत एकत्र यावेत, आणि तेही कृष्णेच्या खोऱ्यातील बौद्ध केंद्रांच्या सान्निध्यात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. वास्तू, कथा व परिसर या तिघांची साक्ष एकत्र घेतली तरच बौद्ध मूळ संभवनीय ठरते. सिद्ध मात्र होत नाही.

तथापि कथेत झालेला बदल निश्चितपणे दिसतो. बौद्ध कथनात शिबीचे दान ही बोधिसत्त्वाची पारमिता आहे. ऐकणाऱ्याने ती आचरावी, हा तिचा हेतू. चेजर्ल्यात दाता स्वतःच पूज्य लिंग झाला आणि करुणेचे आचरण मागे पडून तिच्या खुणांची पूजा उरली. वास्तू कोणाची, या वादापेक्षा ही हानी मोठी आहे. ती बौद्ध स्थळांवरही होऊ शकते. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश परंपरेपुरता नाही. ‘हे आमचे’ म्हणणाऱ्या अभिमानालाही तो तितकाच लागू आहे. तेरचा विचार करतानाही हाच निकष लावावा.